चौथ्या मजल्याचा भात

बाजारात माशाचा कल्ला उघडून बघितल्याशिवाय ग्लेंडलिन पैसे काढायची नाही. आई म्हणायची, "नवरा करतानाही त्याचे दात मोजून घेईल ही." मुलगी होतीच तशी संशयी, आणि चांगलं होतं ते. फिलिपिन्समधल्या सेबूच्या कॉलेजानं शेवटच्या वर्षाला सांगून टाकलं होतं, की कंपनी आपापली शोधा, कामाचे चारशे शहाऐंशी तास भरा, नाहीतर पदवी विसरा. शोधायला मदत कोणी करत नव्हतं, नियम सांगायला मात्र तीन माणसं.

तिनं कंपनी शोधली. नोंदणी तपासली, पत्ता तपासला, फोनवरच्या बाईंना उलटसुलट प्रश्न विचारले. सगळं चोख. वर्गातली शार्मेन तिच्याच भरवशावर सोमवारी रुजूही झाली. "तू बघितलंयस ना, मग मी काय बघू?" म्हणाली. ग्लेंडलिनचं मात्र वकिलाच्या शिक्क्याचं पालकांचं संमतीपत्र अडलं, आणि ती गेली गुरुवारी दुपारी.

कंपनीच्या इमारतीच्या दारावर रखवालदारानं ओळखपत्र ठेवून घेतलं. ते सगळीकडेच घेतात, त्यात विचार कसला करायचा? लिफ्ट बंद आहे, थोडं थांबा, म्हणाला. ती समोरच्या खानावळीत शिरली. साहेब कसा, पगार वेळेवर होतो का, हे खानावळीतच कळतं, आणि ही चौकशी तेवढी राहिली होती.

"मनांग," मालकिणीला थोरल्या बहिणीचा मान देत तिनं विचारलं, "समोरच्या चौथ्या मजल्यावरची माणसं कशी आहेत हो?"

मालकीण पुरिंग कढईतून मान वर न काढता म्हणाली, "गिऱ्हाईक झकास, इंदाय पोरी. नारळाच्या पातीतला भात, चाळीस पुड्या, तिन्ही वेळा. रविवारीसुद्धा."

"आणि बोलायला?"

"खाली येईल तो बोलेल ना. पुड्या रखवालदार नेतो. अकरा महिने झाले, एकाचं तोंड बघितलं नाही मी." तिनं पळीनं कोपरा दाखवला. "सोमवारी एक पोरगी छत्री ठेवून गेली. संध्याकाळी नेते म्हणाली. विसरभोळी मेली."

पिवळी छत्री. दांड्याला शार्मेनच्या केसांचा रबर. म्हणजे सोमवारी वर गेलेली शार्मेन अजून खाली उतरलीच नव्हती. काल रात्रीच शार्मेनचा निरोप होता, 'जेवण छान आहे. तू कधी येतेस?'

समोरून रखवालदारानं हाक मारली, लिफ्ट सुरू झाली म्हणून. ती उठली नाही. तो ओळखपत्र उलटून वाचू लागला. मागच्या बाजूला, अडीअडचणीला कळवायचं म्हणून, आईचं नाव, घरचा पत्ता आणि नंबर होता. मग त्यानं फोन कानाला लावला.

दोन मिनिटांत तिचा फोन वाजला.

"अगं, तुझ्या कंपनीचा फोन होता," आई म्हणाली. "किती गोड बोलतात. मुलगी समोर बसलीय, वर येत नाही म्हणाले. लाजतेस काय? जा की."

"आई, दाराला कडी घाल. कोणी आलं तरी उघडू नकोस."

तिनं छत्री उचलली आणि ती पुरिंगच्या मोरीच्या दारानं पोलीस चौकीकडे पळत सुटली. सगळं तपासलं होतं तिनं. फक्त खानावळीतली ही भाताची चौकशी शार्मेन वर जाण्याआधी करायची राहिली होती.