लाल दोऱ्याचे टाके

क्रिसांता फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या मोलो भागात शाळेचे गणवेश शिवायची. मशीनच्या उजवीकडे कात्री, डावीकडे फोन, आणि फोनवर ‘पान दुमडू नका’ हा वाचकांचा गट. अकरा हजार माणसं त्यात, आणि निम्मी तरी तिला वचकून. बाई होतीच फटकळ. एखादं पुस्तक नाही आवडलं, की हातचं राखून काही लिहायची नाही. वाचणाऱ्याला रडवायला लेखकानं एखादं लेकरू मारलं, तर ही लिहायची, “पाणी आलं डोळ्यांत, पण ते कांदा चिरतानाही येतं.” पाचपैकी पाच तारे तिनं उभ्या आयुष्यात तीनच पुस्तकांना दिले होते.

गट तीच सांभाळायची आणि त्यातला सगळ्यात कडक नियमही तिचाच. शेवट फोडायचा नाही. फोडला की महिनाभर बाहेर, मग तो कोणीही असो. याचं मूळ लहानपणात होतं. भाड्यानं आणलेल्या पुस्तकांची शेवटची पानं बहुतेक वेळा फाटलेली असत, आणि नसली तर थोरला भाऊ जेवताना खुनी कोण ते सांगून मोकळा व्हायचा. ते दुखणं बाई पन्नाशी उलटली तरी विसरली नव्हती.

गटातली माणसं एकमेकांना टपालानं पुस्तकं पाठवत आणि समासात पेन्सिलीनं आपापलं मत लिहीत. क्रिसांताकडून रहस्यकथा निघाली, की तिच्या शेवटच्या प्रकरणाला कडेनं लाल दोऱ्याचे टाके घातलेले असायचे. तिथवर पोचलात की उसवा. आधी लोकांनी तिची टर उडवली, मग त्यांनाच मजा वाटायला लागली, आणि उसवलेल्या दोऱ्याचा फोटो गटात टाकायची पद्धतच पडून गेली.

आणि अशा बाईची गट्टी जमली कुणाशी, तर लुर्दिताशी. ही रोहास शहरात औषधांच्या दुकानात बसायची, प्रेमकथा वाचायची आणि पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान काढायची. सहा वर्षांत दोघी एकदाही भेटल्या नाहीत, पण फोनवर भांडण रोजचं.

“लग्न होणार असेल तरच मी वाचते, मानांग. उगाच कशाला जीव टांगणीला लावायचा?” लुर्दिता लिहायची. मानांग म्हणजे थोरली बहीण.

“मग लग्नपत्रिकाच वाचत जा ना,” क्रिसांताचं उत्तर.

मग लुर्दिताची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनला लावून घ्यायचं. तिनं कळवलं, “मानांग, जाडजूड काहीतरी पाठव. प्रेमकथा दोन तासांत संपते, पुढे मी छताकडे बघत बसते.”

क्रिसांतानं पावणेचारशे पानांची एक रहस्यकथा काढली. साखर कारखान्याच्या मालकाचा खून, घरातल्या सगळ्यांवर संशय. शेवट फुसका म्हणून तिनं स्वतः या पुस्तकाला दोनच तारे दिले होते, पण तोवरची गंमत चांगली होती. तरीही टाके घातले, आणि बजावलं, “या खेपेला आधी शेवट बघितलास, तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी.” लुर्दितानं शप्पथ घेतली.

मग रोज निरोप यायला लागले. “पान ९०. स्वयंपाकीण लबाड आहे बघ.” “पान १४०. स्वयंपाकीण बिचारी निघाली. आता जावयावर संशय आहे माझा.” क्रिसांता काजं करता करता एकटीच हसायची. मग पानं हळूहळू सरकायला लागली. पान २१२. दोन दिवसांनी पुन्हा पान २१२.

त्यानंतर आला तो निरोप असा होता: “हात सुजलेत, मानांग. पुस्तक धरवत नाही. खुनी कोण ते सांग ना. मी नाही सांगणार कुणाला.”

क्रिसांतानं उत्तर लिहिलं आणि पाठवायच्या आधी पुसलं. नियमाचं सोडा, ती घाबरली होती. शेवट सांगून टाकला म्हणजे लुर्दिता काही तिथवर पोचत नाही, हे आपणच कबूल केल्यासारखं झालं असतं. पुस्तक बाकी आहे तोवर बाई टिकेल, असं काहीतरी खुळं तिच्या मनानं घेतलं होतं. तिनं लिहिलं, “नियम म्हणजे नियम. दीडशे पानं राहिलीत. आधी बरी हो, मग उसव.”

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. “बरं. पण माझा ड्रायव्हरवर संशय आहे, तेवढं लिहून ठेव.”

क्रिसांतानं हसरा चेहरा पाठवला. पुढे काही आलं नाही. पाचव्या दिवशी लुर्दिताच्या बहिणीचा, आर्सेनियाचा, फोन आला.

रविवारी दुपारी बिस्कोचोचा, म्हणजे खरपूस गोड टोस्टांचा, डबा घेऊन क्रिसांता रोहासला पोचली. पुढच्या खोलीत शवपेटी, भोवती कॉफी पिणाऱ्या बायका, अंगणात, मयताला जागायच्या तिकडच्या रीतीप्रमाणे, पत्त्यांचा डाव. मैत्रिणीचा चेहरा तिनं पहिल्यांदा पाहिला तो असा, काचेखाली.

आर्सेनियानं पुस्तक आणून तिच्या मांडीवर ठेवलं. समासात पान २१२ पर्यंत पेन्सिलीच्या खुणा. टाके जसेच्या तसे.

“शेवटी शेवटी मला सारखी विचारायची, ड्रायव्हरच असेल ना गं? मी म्हटलं, मला काय ठाऊक, थांब, कात्री आणते. तर म्हणाली, नको, मानांग बोलायची नाही माझ्याशी.”

क्रिसांतानं पिशवीतली कात्री काढली. हाताला शिवणाची तीस वर्षांची सवय, तरी पहिला टाका सापडेना. दोरा निघाला तशी ती पेटीजवळ गेली आणि काचेवर वाकून म्हणाली, “ड्रायव्हरच होता, लुर्दिता. तू ओळखलंस. अख्ख्या गटात तू एकटीनं ओळखलंस.”

“एवढंच?” आर्सेनियानं मागून विचारलं.

“एवढंच. शेवटात काही दम नाही. मी दोन तारे दिले होते.”

“मग एवढं फोनवर सांगायला किती वेळ लागला असता, मानांग?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. क्रिसांताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं कात्री पुन्हा पिशवीत टाकली.

तिकडे मयताच्या घरातून निघालेल्या पाहुण्याला दारापर्यंत सोडायला जात नाहीत. आर्सेनिया बसूनच राहिली. क्रिसांता एकटी पायऱ्या उतरली, आणि बस येईपर्यंत स्टँडवर बसून तिनं फोनवर लुर्दिताचा तो शेवटचा निरोप काढला. त्याखाली लिहिलं, “हो, ड्रायव्हरच.” आणि पाठवून दिलं.