पडदेमामांची अंघोळीची खुर्ची

पडदेमामांना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. नाटक कितीही लांबो, दौरा कितीही दमवणारा असो, हा माणूस विंगेत उभा. दोर हातात, नजर रंगमंचावर आणि पायांची सारखी चुळबुळ. कुणी स्टूल पुढे केलं की म्हणायचे, "मी बसलो की झोपतो, आणि मी झोपलो की तुमचं नाटक संपायचं नाही." माझ्या प्रत्येक प्रवेशाआधी पडदा त्यांनी उघडला आणि शेवटच्या नमस्कारानंतर त्यांनीच मिटला. टाळ्या आम्ही घेतल्या. आमच्या नाटक मंडळीच्या वर्धापनदिनाला एकदा त्यांना हाताला धरून उजेडात आणलं, तर फुलांच्या गुच्छासकट विंगेत पळाले.

असा माणूस अडकलेला दोर सोडवायला वर चढला आणि तिथून खाली आला. मणका मोडला, आतल्या मज्जारज्जूला मार बसला. छातीखाली आता त्यांना काही जाणवत नाही, काही हलत नाही. हात तेवढे पूर्वीचेच, दोर ओढून कमावलेले.

इस्पितळातून घरी आले आणि चाकाच्या खुर्चीत त्यांची येरझार सुरू झाली. खिडकीपासून कपाटापर्यंत, कपाटापासून खिडकीपर्यंत. मामी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मंडळीचे कपडे शिवतात. मी भेटायला गेले तेव्हा शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाल्या, "बाई, तुम्ही तरी सांगा. फरशी झिजवतील हे."

"फरशीचं काय घेऊन बसलीस?" मामा म्हणाले. "इथे माणूस झिजतोय."

मामी त्यांना खाटेवर ओल्या फडक्यानं पुसून काढायच्या. तेवढा वेळ मामा डोळे गच्च मिटून घ्यायचे. "मी काय पेटी आहे, रोज पुसून ठेवायला?" ते मला म्हणाले. मग खुर्ची वळवून खिडकीशी गेले आणि पाठमोरेच बोलले, "मला दुसरं काही नको, बाई. न्हाणीघरात जायचं, आतून कडी लावायची आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. एकट्यानं. तेवढं झालं की मी माणसात आलो."

त्यांना व्यायाम शिकवणाऱ्या थेरपीच्या बाई शांत होत्या आणि अजिबात ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. त्यांनी दुकानातून अंघोळीच्या दोन खुर्च्या बघायला आणवल्या. एक म्हणजे चार पायांचं हलकं स्टूल, मागे बोटभर पाठ. दुसरी चांगली ऐसपैस: उंच पाठ, वर उचलता येणारे हात, चाकांना ब्रेक, छातीवर बांधायचा पट्टा आणि मऊ गादीची बैठक, धुवायला सोपं जावं म्हणून पुढून कापलेली.

"ही घ्या," बाई मोठ्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाल्या. "कडक बैठकीवर तुम्हाला टोचलेलं कळणार नाही. जखम झाली तर ती महिनोन्महिने भरत नाही."

मामांनी टेप काढली. न्हाणीघर अरुंद, दार आत उघडणारं. मोठी खुर्ची आत गेली की दार लागतच नव्हतं. दार बाहेर उघडावं तर समोर लगेच जिना. स्टूल मात्र कोपऱ्यात मुकाट बसत होतं, दारही लागत होतं, कडीसुद्धा.

"झालं तर मग. स्टूल."

"तुमचा तोल राहणार नाही त्यावर. आधी बसून बघा, माझ्यासमोर."

"बघतो की. तालीम केल्याशिवाय आम्ही काही करतच नाही."

आमच्यात पद्धत अशी, की नेपथ्य उभं राहण्याआधी त्याचा आराखडा तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर चिकटपट्ट्यांनी आखायचा. इथे दार, इथे खिडकी, इथे जिना. मामांनी न्हाणीघर तसंच हॉलच्या मंचावर आखून घेतलं. नळ, बादली, साबणाची वडी, सगळं जागच्या जागी. सगळी मंडळी जमली. फक्त मधोमध बसायला मामा तयार होईनात. इतक्या नजरांसमोर जायचं म्हटल्यावर त्यांनी चाकं मागे घेतली, ती थेट विंगेपर्यंत.

"बदली नट घ्या. मी इथून बघतो."

बदली म्हणून फुगा पुढे झाला. हा आमचा विनोदी नट, पोटावरून पडलेलं नाव. त्यानं काम मात्र झोकून केलं. पाय असे टाकले की जणू दुसऱ्याचेच. चाकाच्या खुर्चीतून गुळगुळीत फळीवरून हातांच्या जोरावर स्टुलावर सरकला, अंगाला साबण लावला, डोकं चोळलं, वाकून बादली घेतली. वर एक तानही मारली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मामांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला. थेरपीच्या बाई त्या दिवशी नव्हत्या. निरोपही कुणी दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा न्हाणीघरात गेले, स्टुलावर सरकले, मामींनी चाकाची खुर्ची बाहेर ओढून घेतली आणि मामांनी आतून कडी लावली. आम्ही दोघी बाहेर. पाण्याचा आवाज आला. मामींनी पदर तोंडाशी धरला होता. मग साबणाचा वास आला, आणि पाठोपाठ धप्प.

"अहो?"

मामींनी दार वाजवलं.

"अहो, लागलं का?"

"लागलंय की नाही ते मला कुठं कळतंय?" आतून मामा म्हणाले. "भिंतीला टेकलोय. दोन्ही हात डोक्याला लावले आणि मी कलंडलोच. आता हात सोडला तर खाली जाईन."

कडी आतून. मामी दाराशी नुसत्या येरझारा घालू लागल्या, हुबेहूब मामांसारख्या. शेवटी शेजारच्या सुतारानं दार चौकटीतून उचकटून बाजूला केलं. मामा साबणाच्या फेसात, भिंतीला गाल लावून. खरचटण्यावर निभावलं. मामींनी त्यांना टॉवेलात गुंडाळलं, खाटेवर नेलं आणि मग इतका वेळ दाबलेलं बाहेर काढलं.

"तालमीत पाय मेल्याचा अभिनय झाला. पोटाचा कुणी केला?"

फुगा समाचाराला आला होता, त्यानं आपल्या पोटाकडे बघितलं. "खरंच की. मी पोटावरच तोललेला होतो. मला काय, सवयीचं आहे."

"तुझं पोट सगळ्या मंडळीला पुरेल," मामी म्हणाल्या. "यांना त्याचा उपयोग नाही."

मग पुन्हा तालीम. या वेळी थेरपीच्या बाई समोर बसल्या आणि पाणी खरं होतं. हॉलचा रखवालदार फळ्या फुगतील म्हणून कुरकुरला, मामींनी त्याच्या हातात फडकं दिलं. मामांच्या अंगात भिजायला चालेल असा खलाशाचा जुना अंगरखा. बदली नट कुणी नव्हता. विंगेच्या कडेला त्यांची चाकं थांबली. बोटं रिमवर वाजत राहिली. रंगमंचावर जाण्याआधीचा तो क्षण मला ठाऊक आहे, तिथे कुणी ढकलून चालत नाही.

ते आले. मोठ्या खुर्चीवर सरकले, पट्टा बांधला. एक हात खुर्चीच्या हाताला, एका हातानं साबण. पाणी आधी मनगटावर बघायचं, कारण पाय भाजले तरी सांगणार नाहीत. मग बाई म्हणाल्या, "आता दोन्ही हात वर." मामांनी हळूहळू हात उचलले. पट्टा ताणला, अंग डुललं आणि सावरलं. टाळी कुणी वाजवली नाही. सगळे बघत होते.

"खुर्ची हीच," मामा म्हणाले. "पण दाराचं काय?"

ते त्यांचं त्यांनीच केलं. सुतारानं काढलेलं दार परत बसवूच दिलं नाही. मामींकडून जाड पडदा शिवून घेतला, चौकटीला कप्पी ठोकवली, दोर खुर्चीतून हाताला येईल असा सोडला. कडी गेली याचं दुःख त्यांनी आठवडाभर चघळलं. "पडदा कुणीही सरकवतं."

"मी सरकवणार नाही," मामी म्हणाल्या. "तुम्ही हाक मारली तरच."

पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेले. मामा आत गेले, दोर ओढला. पडदा आला, पण कडेला फट राहिली. पुन्हा उघडला, पुन्हा ओढला. फट तशीच.

"अगं, शिवण तिरकी आहे तुझी."

"दोर तुमचा तिरका आहे."

"उद्या कप्पी बदलतो."

"उद्या बदला. पाणी गार होतंय."

मामी उठल्या, फटीकडे पाठ करून दाराशी स्टुलावर बसल्या. तेच ते हलकं स्टूल. आत पडदा अजून एकदा सरकला, कुरकुरला, थांबला. मग डोक्यावरून पाणी पडल्याचा आवाज आला.