रिकामा डबा
पेडण्याच्या बाजारात सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, दिसले की मला ते दोन डबे आठवतात. सुरंगी आणली की जिला दारातूनच कळायचं, त्या माझ्या आईला तापातून उठल्यावर कसलाच वास येईना. डॉक्टर म्हणाले होते, झाकणांना भोकं पाडलेले दोन सारखे डबे घ्या, एकात फुलं घाला, दुसरा रिकामा ठेवा. रिकाम्यालाही ती हो म्हणाली, तर फुलांचं हो धरू नका. सकाळी दारापुढच्या बलकांवात बसवून मी फुलांचा डबा तिच्या नाकाशी धरला. “येता गे,” ती म्हणाली आणि आनंदानं मला रडू आलं. मग रिकामा धरला. “येता, बरो येता.” डबे बदलून बदलून धरले, तरी दर वेळी तेच. शेवटी मी झाकण काढलं. “आई, ह्यात कायच नाय.” तिनं डब्यात पाहिलंच नाही. “मी ‘येता’ म्हटला की तुझा तोंड उजळता गे. मग नाय कसा म्हणू?” तो वास तिला शेवटपर्यंत आला नाही. हल्ली माझी लेक मला गोळ्या देऊन विचारते, “आई, फरक पडता काय?” मी आधी तिचं तोंड बघते, आणि म्हणते, “पडता गे.”