‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या सरोजताई

सरोजताईंची आणि माझी ओळख एका म्हशीने करून दिली. नसरापूरला त्यांचं सॉफ्टवेअरचं दोन खोल्यांचं ऑफिस. मी तिथे नोकरी मागायला गेले होते, तेवढ्यात वेल्ह्याकडच्या एका दूधवाल्या काकांचा फोन आला. “ताई, तुमचं मशीन म्हंतंय, आमची म्हस सत्तर साली व्याली. तवा माझा बाप बी बोहल्यावर चढला नव्हता.” ताई पोटभर हसल्या आणि फोन ठेवून मला विचारलं, “का झालं असेल, सांगा.” मला सांगता आलं नाही. तरी नोकरी मिळाली.

मग त्यांनीच समजावलं. संगणक वेळ मोजतो ती एकोणीसशे सत्तरच्या एक जानेवारीपासूनच्या सेकंदांत. तारीख भरलीच नाही, की कित्येक ठिकाणी शून्य धरलं जातं आणि शून्य म्हणजे तोच आरंभाचा क्षण. आपलं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून आपल्याला पहाटेचे साडेपाच दिसतात. प्रोग्रॅमिंगच्या काही भाषा तर थेट इसवी सन एकमध्ये जाऊन बसतात. म्हस व्यायल्याची तारीख कुणी भरलीच नव्हती, पण जनावरांच्या नोंदींचा तो जुना प्रोग्रॅम ते कबूल करत नव्हता. ताईंच्या हाताखाली आम्ही प्रत्येक प्रोग्रॅममध्ये ‘माहीत नाही’साठी वेगळी जागा करायला शिकलो. काम दुप्पट व्हायचं, आम्ही कुरकुरायचो, आणि त्या ते पुन्हा करायला लावायच्या.

ताईंचे यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी कामाला म्हणून बाहेर पडले, ते परतलेच नाहीत. तक्रार झाली, शोध झाला, हाती काही लागलं नाही. ताई रोज वेल्ह्याकडच्या पालीहून नसरापूरला ये-जा करतात. इथेच खोली घ्या, असं मी एकदा म्हटलं. “हे आले तर पालीच्याच घरी येतील ना,” एवढंच बोलल्या. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, अशी बायकांची पंचाईत होऊ नये म्हणून त्यांनी आपणहून जाणं सोडलं. दिवाळीत आम्हाला लवकर पिटाळतात आणि स्वतः शेवटच्या गाडीपर्यंत बसून राहतात. घरी जाऊन बोलणार कुणाशी?

एका पितृपक्षात त्यांचे धाकटे दीर भोरहून ऑफिसात आले. माणूस भला, भावासाठी तळमळणारा. “वैनी, कवातरी उरकाया पायजे. एक तारीक सांगा, कंची बी.”

“माहीत नाही, भावजी.”

“मग सर्वपित्रीला करू. ज्याची तीथ ठावं न्हाई, त्याच्यासाठीच हाय ती.”

“ती गेलेल्यांसाठी. हे गेले, हे तरी कुणाला ठाऊक आहे?”

भावजींचे डोळे भरले. “दादाला पानी बी मिळंना, असं वाटतं वो मला.” ताईंनी त्यांना चहा दिला, स्टँडपर्यंत सोडायला गेल्या. परत येऊन बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसल्या. स्क्रीन बंद होता. मला रडू आलं, पण त्यांच्यासमोर रडायचं धाडस झालं नाही.

ताईंच्या साठीनिमित्त हा लेख लिहिते आहे, हे त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाल्या, “शंभर वर्षं जगा वगैरे लिहू नका हं. एकटीला फार लांब पडतात.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आता काहीही कळलं तरी चालेल. पण कळू दे.”

ताई, तुमचं ऐकते, आकडा घालत नाही. तुमचे गुडघे आणि डोळे धड राहोत, आम्हाला पुन्हा पुन्हा काम करायला लावायची ताकद राहो. आणि ती बातमी येईल, कसलीही असो, तेव्हा तुम्ही पालीच्या घरात असा, आणि एकट्या नसा.