दक्षिणेचं दार

दारसाहेब कुठल्याही लग्नाला गेले की आधी मागचं दार शोधायचे. भिंतीच्या कडेकडेने चालत जायचे, दाराला टेकवलेल्या खुर्च्यांची चळत स्वतः उचलायचे, कडी निघते का बघायचे आणि मगच नवरा-नवरीकडे वळायचे. जन्मभर पुण्यात इमारतींच्या अग्निसुरक्षेचं काम केलेला हा इंजिनिअर निवृत्त होऊन वारूळवाडीला परतला होता. त्याने आता गुमान टोमॅटो लावावेत, अशी आमची अपेक्षा.

"जाळ नंतर येतो, धूर आधी गाठतो," हे ते पंगतीतसुद्धा सांगत. शेजारच्याचा घास हातातच राहायचा. लोक हसायचे, मीही हसायचो, पण मला तो माणूस फार आवडायचा.

गावच्या मंगल कार्यालयाला दुसरं दार होतं, पण दक्षिणेला. वास्तुवाल्याने ते यमाचं ठरवल्यापासून मालक आप्पांनी त्याला फळ्या ठोकल्या होत्या. वर छताला थर्माकोलची नक्षी, कापडी झालरी आणि त्यांतून ओढलेल्या वायरी. साहेब आप्पांच्या हात धुऊन मागे लागले. शेवटी आप्पा कंटाळले. "घ्या, उघडलं. आता तरी आमाला सुखानं जगू द्या राव."

त्याच उन्हाळ्यात एका लग्नात झालर पेटली. पुढच्या दारात माणसं अडकली, उरलेली सगळी दक्षिणेच्या दारातून बाहेर पडली. एकही जीव गेला नाही. साहेबांना इतकं खूश मी कधीच पाहिलं नव्हतं. ते सुख आठवडाभरही टिकलं नाही.

आप्पांनी ते दार विटा लावून बुजवलं. "साहेब, तुमच्यावर राग न्हाई. पण इतकी वर्सं दार बंद व्हतं, तवा कधी ठिणगी तरी पडली का? उघडलं आन् आग लागली."

वायरींचं, कापडाचं साहेबांचं सगळं आधीच सांगून झालं होतं. गावालाही आप्पांचंच पटलं.

पुढच्या वर्षी साहेबांच्या मुलाने स्वतःच्या लेकीचं लग्न तिथेच ठरवलं. साहेबांनी विनवण्या केल्या, अबोला धरला. "दुसरीकडं तारीखच मिळंना, आबा. मी काय करू?" एवढंच उत्तर आलं.

लग्नाच्या दिवशी ते फेटा बांधून आले आणि फाटकाबाहेर उन्हात उभे राहिले. मंगलाष्टकं स्पीकरवर ऐकू येत होती. अक्षता त्यांनी तिथूनच टाकल्या. नात रडत बाहेर पाया पडायला आली तेव्हा म्हणाले, "आत आलो असतो तर तुझ्याकडं बघणंच झालं नसतं, बाळा. छताकडं बघत बसलो असतो."

दिवाळीच्या आधीच ते गेले. परवा नात माहेरी आली होती, ती आमच्याकडेही डोकावली. लग्नाच्या अल्बममध्ये आबा कुठेच नाहीत म्हणाली. "काका, तुमच्या मोबाईलमध्ये त्यांचा त्या दिवशीचा एखादा फोटो असेल का?"

नव्हता. आम्ही सगळे आत होतो.