आखूड मानेचा हंस

चित्राबाईंचं खरं नाव वेगळंच होतं. चित्रं काढतात म्हणून चित्राबाई. आणि पहिलीच्या वाचनपुस्तकाच्या कार्यालयात अर्धं आयुष्य गेल्यावर त्या याच नावाला ओ देऊ लागल्या होत्या. खिडकीजवळचं तिरकं टेबल, आणि शेजारी दोन पेले. एकात ब्रशचं पाणी, दुसऱ्यात चहा. ब्रश बऱ्याचदा चुकीच्या पेल्यात जाई.

त्या टेबलावरून पुस्तकाचे तीन अवतार गेले होते. पहिल्यात एक अक्षर, एक चित्र. मग संशोधन आलं की सुटी अक्षरं नकोत, अख्खा शब्द दाखवा. चित्रं मोठी झाली. मग आलं की मुलांना सरळ गोष्टच द्या, चित्र बघून ती शब्दाचा अंदाज बांधतील. चित्रांनी पान व्यापलं. दर वेळी कोणीतरी म्हणे, "अभ्यास सांगतो," आणि चित्राबाई जुनी चित्रं कपाटात कोंबून नवी पेन्सिल तासत.

"या अभ्यासाचं तोंड एकदा दाखवा हो," त्या संपादकबाईंना म्हणत. "त्याचंही चित्र काढून ठेवते."

आता चौथा अवतार आला होता आणि त्यात चित्रंच नको होती. मुलं अक्षरांऐवजी चित्रं वाचतात, असं नव्या तज्ज्ञांचं म्हणणं. कार्यालयात त्यांना अक्षरवाले सर म्हणत. त्यांच्यासमोर अर्थवाल्या मॅडम; चित्रं काढून टाकलीत तर मुलं पुस्तकाला हात लावणार नाहीत, हा त्यांचा हेका. दोघांकडेही अभ्यास होते, आणि जाडजूड होते.

"जन्मभर चित्रं काढली," चित्राबाई घरी सुनेला म्हणाल्या, "आणि आता म्हणे, चित्रं काढा. बघ, क्रियापदसुद्धा बदलावंसं वाटलं नाही मेल्यांना."

उद्या यावर कार्यालयात बैठक होती आणि तिथे त्या पहिल्यांदाच तोंड उघडणार होत्या. चित्रं हवीत याचा पुरावा घरातच होता. नात. सतत बडबडते म्हणून तिला सगळे पोपट म्हणत. आजीचं पुस्तक ती घडाघडा वाचे.

"आई," सून भांडी विसळता विसळता म्हणाली, "शाळेतल्या बाई म्हणतात, हिला वाचता येत नाही."

"काहीतरीच! पोपट, आण गं पुस्तक."

पोपट ओट्याजवळच्या स्टुलावर चढून बसली आणि सुरू झाली. "बदक पाण्यात आहे. बदक पांढरं आहे."

चित्राबाई थबकल्या. पानावर छापलं होतं: हंस पाण्यात आहे. हंस पांढरा आहे.

"बदक कुठलं गं? हंस आहे तो."

"आजी, हे बदकच आहे. मान बघ की."

मान आखूड होती खरी. छपाईच्या वेळी संपादकबाईंनी अक्षरं मोठी केली, जागा उरली नाही, आणि चित्राबाईंनी कुरकुरत हंसाची मान कापली. तेव्हापासून तो बदक म्हणूनच जगत होता.

त्यांनी चित्रावर हात ठेवला. "आता वाच."

पोपटने आधी हाताकडे पाहिलं, मग आजीच्या तोंडाकडे. तिथेही काही लिहिलेलं सापडेना.

"हात काढ ना, आजी. हात असला की वाचता येत नाही."

सुनेने नळ बंद केला.

"पोपट माझाच झाला म्हणायचा," चित्राबाई पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी बैठकीत दोन्ही तज्ज्ञांची हमरीतुमरी चालू असताना त्यांनी सगळं सांगून टाकलं. आखूड मानेसकट.

"बघा!" अक्षरवाले सर म्हणाले.

"काय बघा?" अर्थवाल्या मॅडम उसळल्या. "पांढरा हंस, पण बदक पांढरं. पोरीने व्याकरणसुद्धा बदकाप्रमाणे फिरवून घेतलं! अर्थ पक्का आहे तिचा. चुकलंय ते चित्र."

"अर्थ पक्का, पण वाचलं काय? एक अक्षर तरी?" सर थांबले. मग जरा खाली पाहून म्हणाले, "तसं एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही म्हणा. माझ्या बाजूचं असलं तरी."

एवढ्या वर्षांत हे वाक्य चित्राबाई प्रथमच ऐकत होत्या. माणूस त्यांना जरासा आवडला.

"सिद्ध नका करू," त्या म्हणाल्या. "माझ्या नातीला वाचता येत नाही, आणि त्यात माझा हात आहे, एवढंच. चित्र काढून टाकू नका. पान उलटल्यावर येऊ द्या. आधी वाचायचं, मग बघायचं."

"पण उलटेपर्यंत मूल टिकेल का?" मॅडम.

"यावर अभ्यास झालेला आहे का?" सर.

"चहा घ्या," संपादकबाई म्हणाल्या. अखेर एक धडा तसा करून काही वर्गांत लावून बघायचं ठरलं. म्हणजे चित्राबाईंनी पुन्हा पेन्सिल तासायची. पाठ आत्ताच दुखत होती.

संध्याकाळी त्यांनी पोपटसमोर एक जाड कागद ठेवला. पुढे शब्द. मागे चित्र, या खेपेला मान हवी तेवढी लांब.

"उलटं करून बघायचं नाही. बोट ठेव."

पोपटने बोट ठेवलं. बराच वेळ गेला. "ह… स… हस!" तिने आजीकडे पाहिलं. "कोणाला सांगतंय?"

चित्राबाईंना हसू आलं ते त्यांनी दाबलं. चूक होती, पण अक्षरांतून आलेली चूक होती.

"पुन्हा बघ. काहीतरी राहिलं."

"काही नाही राहिलं. वर नुसता डाग पडलाय."

"डाग नाही गं बाई, टिंब आहे ते. त्यालाही घे."

"हं…" पोपटने मान वाकडी केली. "हं… स. हंस?" तिने झटकन कागद उलटला, मान बघितली, आणि तो खाली ठेवला. खुशीपेक्षा दमणूकच जास्त होती तोंडावर.

"सगळं पुस्तक असंच वाचायचं?"

"सगळं."

"दमायला होतं, आजी."

"हो गं," चित्राबाई म्हणाल्या, आणि दुसरा कागद पुढे सरकवला. "मलाही."