आधी कटर

नेकनूरच्या आमच्या घरालगतचं जीपचं जुनं गॅरेज पाडायला मी एक माणूस बोलावला. नाव विचारलं नाही. भाव मात्र घासून निम्म्यावर आणला. वाटणीत धाकट्या भावाने रस्त्याकडची बाजू लाटली आणि माझ्या वाट्याला हे गॅरेज आलं. भावाच्या स्वयंपाकघराची भिंत गॅरेजला चिकटूनच होती. तिला तडे गेले तर जाऊ देत, असंच माझ्या मनात होतं.

पण तो माणूस भिंत फोडायचा ब्रेकर लावीना. कटर घेऊन दोन भिंतींच्या सांध्यात हळूहळू चीर पाडत बसला.

"ब्रेकर लाव की बे," मी खेकसलो.

"मालक, पलीकडं कोन राहतं?"

"भाऊ. बोलणं नाही आमचं."

"नसंल. पर भिंती चिकटून हायेत. हादरा तिकडं जाईल," म्हणत त्याने रुमाल पुन्हा नाकावर ओढला.

मशीन थांबल्यावरही त्याचे हात थरथरत राहायचे. चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरायचा.

गॅरेज पाडून तो गेल्यावर मी भावाच्या भिंतीवरून हात फिरवला. एकही तडा नव्हता. आता मधे गॅरेज नाही, त्यामुळे भावाचा खोकला माझ्या खाटेपर्यंत येतो. औषध घेतलंस का, एवढं विचारायलाही माझं तोंड उघडत नाही.